कव्हरवर न मावलेली चार नावं

१५ मार्च १९६७. लंडनच्या ॲबे रोडवरचा ईएमआय कंपनीचा स्टुडिओ क्रमांक दोन. एरवी तिथे गिटारी, ड्रम आणि वायरींचं जंजाळ पसरलेलं असायचं. त्या संध्याकाळी मात्र जमिनीवर गालिचा अंथरला होता. दिवे मंद केले होते, उदबत्त्या लावल्या होत्या. गालिच्यावर तबला, दिलरुबा, तंबोरा, स्वरमंडल घेऊन मांडी घालून बसले होते भारतीय वादक, आणि त्यांच्यामध्ये होता चोवीस वर्षांचा एक इंग्रज तरुण. त्याचं नाव जॉर्ज हॅरिसन. त्या वेळी जगात ज्याच्याइतका लोकप्रिय दुसरा बँड नव्हता, त्या बीटल्सचा हा गिटारवादक. जॉन लेनन, पॉल मॅकार्टनी आणि रिंगो स्टार हे त्याचे तिन्ही जोडीदार या गाण्यात काहीच वाजवणार नव्हते.

त्या खोलीत आणखी एक पाहुणा होता, पीटर ब्लेक नावाचा चित्रकार. तो बीटल्सच्या नव्या रेकॉर्डचं कव्हर तयार करत होता. जॉर्जनं उठून त्याचं स्वागत केलं, चहा विचारला, अशी आठवण ब्लेकनं पुढे सांगितली आहे.

ते कव्हर तुम्ही कुठे ना कुठे पाहिलं असेल. 'सार्जंट पेपर्स लोनली हार्ट्स क्लब बँड' हे त्या रेकॉर्डचं लांबलचक नाव. रंगीत, झगमगीत गणवेशातले चार बीटल्स पुढे उभे आणि त्यांच्या मागे फोटोसाठी जमल्यासारखी प्रसिद्ध माणसांची गर्दी. पन्नासहून अधिक चेहरे. नट-नट्या, लेखक, मुष्टियोद्धे, शास्त्रज्ञ. जॉर्जनं सुचवलेले चार भारतीय योगीही त्यात आहेत : महावतार बाबाजी, लाहिरी महाशय, श्री युक्तेश्वर आणि परमहंस योगानंद. गांधीजींचीही प्रतिमा उभी केली होती, पण भारतातले लोक दुखावतील या भीतीनं कंपनीच्या प्रमुखांनी ती काढायला लावली. कव्हरच्या मागच्या बाजूला सगळ्या गाण्यांचे शब्द छापले होते. रॉक संगीताच्या रेकॉर्डवर तोवर असं कुणी केलं नव्हतं.

इतक्या गर्दीत आणि इतक्या मजकुरात एक गोष्ट मात्र नव्हती. उदबत्तीच्या वासात गालिच्यावर बसून ज्यांनी ते गाणं वाजवलं, त्या भारतीय वादकांची नावं. ती जगाला कळायला पन्नास वर्षं लागली.

ही गोष्ट नीट समजायची तर दोन वर्षं मागे जावं लागेल.

१९६५ साली बीटल्सच्या 'हेल्प!' या चित्रपटाचं शूटिंग चाललं होतं. कथेत एक भारतीय उपाहारगृह होतं आणि तिथे पार्श्वभूमीला वाजवायला काही भारतीय वादक आणून बसवले होते. दोन शॉटच्या मधल्या वेळेत जॉर्जनं तिथली सतार उचलून पाहिली. आपल्या संगीताशी रॉक बँडची पहिली गाठ पडली ती अशी, एका विनोदी चित्रपटाच्या सेटवर. त्या प्रसंगात भारतीयांची थट्टाच होती, हेही सांगून टाकायला हवं.

मग जॉर्जनं लंडनच्या ऑक्सफर्ड स्ट्रीटवरच्या 'इंडियाक्राफ्ट' नावाच्या दुकानातून एक स्वस्तातली सतार विकत घेतली. शोभेच्या वस्तू विकणारं ते दुकान. त्याच वर्षीच्या ऑक्टोबरमध्ये लेननच्या 'नॉर्वेजियन वुड' या गाण्यात ती वाजली. ध्वनिमुद्रण चालू असताना तिची तार तुटली. लंडनमध्ये ऐन वेळी सतारीची तार आणायची कुठून? तेव्हा फोन गेला आयाना अंगडी यांच्याकडे. हे मूळचे कर्नाटकातले गृहस्थ. त्यांनी आणि त्यांच्या इंग्रज पत्नी पॅट्रिशिया यांनी १९४६ मध्ये लंडनमध्ये 'एशियन म्युझिक सर्कल' ही संस्था सुरू केली होती. व्हायोलिनचे बादशहा यहुदी मेन्युइन तिचे अध्यक्ष होते. आपल्या पुण्याच्या बी. के. एस. अय्यंगारांचे लंडनमधले योगवर्गही याच संस्थेनं भरवले होते. अंगडींकडे तार मिळाली आणि ती घेऊन अख्खं कुटुंब स्टुडिओत दाखल झालं.

'नॉर्वेजियन वुड' ऐका. गोड आहे ते गाणं. पण खरं सांगायचं तर त्यात सतार आहे ती चवीपुरती. चाल पाश्चात्त्य, गिटारवर बेतलेली. तीच सतारीवर छेडली आहे. पुरणपोळीवर चेरी ठेवावी तसं. पंडित रविशंकरांनी जेव्हा ते ऐकलं, तेव्हा त्यांनाही तो आवाज विचित्रच वाटला होता, असं त्यांनी मोकळेपणानं सांगितलं आहे.

त्या काळात लंडनमधल्या रॉक बँडना सतारीचं वेडच लागलं होतं. यार्डबर्ड्स या बँडनं १९६५ मध्येच आपल्या एका गाण्यासाठी एका भारतीय सतारवादकाला बोलावून ध्वनिमुद्रण केलं. मग ते बाजूला ठेवलं आणि त्यांच्या गिटारवादकानं तसाच आवाज गिटारमधून काढला. गाणं गाजलं. पुढच्या वर्षी रोलिंग स्टोन्सनं 'पेंट इट ब्लॅक'मध्ये सतार आणली. सगळीकडे सतार झणझणू लागली. यातलं बरंचसं नवीन मसाला हाती लागल्यावर प्रत्येक भाजीत घालणाऱ्या नव्या सुगरणीसारखं होतं.

जॉर्ज हॅरिसन वेगळा ठरला तो इथे. त्याला नुसता सतारीचा आवाज नको होता. ते संगीत आतून कसं चालतं, हे त्याला शिकायचं होतं. आणि शिकायचं तर शिकवणारे हवेत, सोबत वाजवणारे हवेत. अंगडींच्या संस्थेकडे ते होते.

एप्रिल १९६६ मध्ये अनिल भागवत नावाच्या तबलावादकाला अंगडींचा फोन आला. आज संध्याकाळी मोकळे आहात का, जॉर्जबरोबर वाजवायचं आहे. कोण जॉर्ज, ते अंगडींनी सांगितलंच नाही. न्यायला दारात रोल्स-रॉइस गाडी आली, तेव्हा कुठे भागवतांच्या लक्षात आलं. स्टुडिओच्या फाटकाबाहेर थर्मास आणि सँडविचचे डबे घेऊन मुली तिष्ठत उभ्या होत्या. आत गेल्यावर जॉर्जनं त्यांना आपल्याला काय हवं ते सांगितलं : रविशंकरांच्या मैफलीत असतो तसा सोळा मात्रांचा ठेका. बाकी वाजवण्याची मोकळीक त्यांना दिली.

ते गाणं म्हणजे 'लव्ह यू टू'. सुरुवातीला तालाशिवाय अर्धा मिनिट सतारीचा आलाप. सूर काफी थाटाचे. मग तबला येतो आणि गाणं धावू लागतं. तीन मिनिटांच्या रॉक गाण्यात आलाप! आपल्याकडे रेडिओवर लहानपणापासून शास्त्रीय संगीत कानावर पडलेल्या माणसाला त्यात विशेष वाटणार नाही. पण १९६६ साली नाचण्यासाठी बीटल्सची रेकॉर्ड आणणाऱ्या इंग्रज मुलीला केवढा धक्का बसला असेल, याची कल्पना करा.

'रिव्हॉल्व्हर' ही रेकॉर्ड ऑगस्ट १९६६ मध्ये बाजारात आली, तेव्हा तिच्या मागच्या बाजूला बारीक अक्षरांत छापलं होतं : अनिल भागवत, तबला. बीटल्सच्या कव्हरवर बाहेरच्या वादकाचं नाव येणं ही त्या वेळी अपूर्वाईची गोष्ट होती. भागवत पुढे सांगत, की आपण भाग्यवान, सगळ्यांत मोठ्या बँडच्या रेकॉर्डवर आपलं नाव आहे, याचा अभिमान वाटतो. एक ओळसुद्धा नाही ती, तीन शब्द. पण त्या तीन शब्दांमुळेच आज आपण त्यांच्याविषयी बोलू शकतो आहोत.

त्याच गाण्यात सतार कुणी वाजवली, ते विचारा. जॉर्जनं स्वतः, असं बहुतेक जण म्हणतात. संस्थेच्या एखाद्या वादकानं, असं काही अभ्यासक म्हणतात, कारण वाजवणं नवशिक्याचं वाटत नाही. दोन्ही बाजूंनी अजून वाद चालू आहे. संस्थेतून आणखी कोण आलं होतं, ते त्या दिवशी कुणी कागदावर टिपलं असतं, तर हा वाद उद्भवलाच नसता.

जून १९६६ मध्ये जॉर्जची रविशंकरांशी भेट झाली, तीही अंगडींच्याच घरी. धडे सुरू झाले. एका धड्याच्या वेळी फोन वाजला म्हणून जॉर्ज उठला आणि सतार ओलांडून जाऊ लागला. रविशंकरांनी त्याच्या पायावर चापट मारली. वाद्याचा मान ठेवायला हवा! आपल्याकडे पेटीला चुकून पाय लागला तर पाच वर्षांचं पोरही नमस्कार करतं. पण ज्याच्या पायाशी लाखो पौंड लोळत होते अशा तेवीस वर्षांच्या मुलानं ती चापट मुकाट्यानं खाल्ली आणि आयुष्यभर लोकांना कौतुकानं सांगितली. मला वाटतं, जॉर्जचा 'प्रयोग' खऱ्या अर्थानं तिथे सुरू झाला.

सप्टेंबर १९६६ मध्ये तो पत्नी पॅटीबरोबर मुंबईला आला. ताजमहाल हॉटेलात टोपणनावानं उतरला, ओळखू येऊ नये म्हणून मिशीही ठेवली. काही उपयोग झाला नाही. बातमी फुटली, हॉटेलपुढे गर्दी जमली, शेवटी पत्रकार परिषद घेऊन 'मी इथे सतार शिकायला आलोय, मला शिकू द्या' अशा अर्थाचं त्याला सांगावं लागलं. मग गुरू-शिष्य काश्मीरला गेले, श्रीनगरच्या हाऊसबोटीत मुक्काम केला. सतार घेऊन तासन् तास बसायची सवय नसल्यानं जॉर्जचे पाय आखडत, म्हणून योगासनं शिकवणारा ठेवावा लागला. रविशंकरांचे शिष्य शंभू दास यांनी त्याच्याकडून सरगमचे पलटे घोटून घेतले. सहा आठवड्यांनी तो परतला.

आता पुन्हा मार्च १९६७ च्या त्या गालिच्यावर या.

'विदिन यू विदाउट यू' या गाण्याची मूळ कल्पना रविशंकरांनी आकाशवाणीसाठी केलेल्या एका दीर्घ रचनेवरून सुचली, असं जॉर्जनंच सांगितलं आहे. त्याचं हे छोटं रूप. तरीही पाच मिनिटं पाच सेकंदांचं, म्हणजे तेव्हाच्या हिशेबानं लांबच. सूर खमाजच्या वळणाचे : शुद्ध गंधार, कोमल निषाद. आरंभी तंबोऱ्याचा षड्ज, स्वरमंडलाची झणत्कारती लहर, मग दिलरुबा. हे वाद्य आता आपल्याकडेही कमी दिसतं. सारंगीसारखं गजानं वाजवायचं, पण दांडीवर सतारीसारखे पडदे. पंजाबात गुरुद्वाऱ्यातल्या कीर्तनात ते ऐकू येतं. या गाण्यात दिलरुबा गाणाऱ्याच्या मागोमाग सावलीसारखी चालते, अगदी आपल्याकडे ठुमरीला सारंगी चालावी तशी. जॉर्ज प्रत्येक ओळ गाऊन दाखवी आणि वादक ती उचलत.

मधल्या भागात गाणं थांबतं आणि ताल बदलतो. सोळा मात्रांचा तीनताल जाऊन दहा मात्रांचा झपताल येतो. दिलरुबा एक वाक्य बोलते, सतार त्याला उत्तर देते. आपल्या मैफलीतला सवाल-जवाब! त्या काळातल्या कुठल्याही इंग्रज बँडनं रॉकच्या रेकॉर्डवर झपताल घेतल्याचं निदान माझ्या ऐकण्यात नाही.

नंतर ३ एप्रिलला निर्माते जॉर्ज मार्टिन यांनी आठ व्हायोलिन आणि तीन चेलो आणून बसवले. खरी परीक्षा त्यांची होती. दिलरुबा एका सुरावरून दुसऱ्यावर घसरत जाते, आपण त्याला मींड म्हणतो. पाश्चात्त्य वादकाची तालीम बरोबर उलटी, प्रत्येक सूर स्वच्छ सुटा. लंडनमधले ते कसलेले वादक त्या दिवशी दिलरुबेच्या मागे मागे घसरायला शिकत होते. जॉर्ज हॅरिसन समोर बसून त्यांना समजावत होता. एका अर्थानं ज्यांची नावं कव्हरवर आली नाहीत ते भारतीय वादक त्या अकरा जणांचे गुरू झाले होते, आणि तेही स्वतः खोलीत हजर नसताना.

गाणं संपलं की हशा ऐकू येतो. पाच मिनिटं गंभीर तत्त्वज्ञान ऐकवल्यावर थोडा हलकेपणा यावा म्हणून तो जॉर्जनंच घालायला सांगितला होता. पुष्कळ श्रोत्यांना मात्र वाटलं, की बाकीचे बीटल्स त्याला हसताहेत. माझ्या माहितीतले रॉकचे शौकीन आजही हे गाणं आलं की पुढे सरकवतात.

आता कव्हरकडे येऊ. न्यायानं बोलायचं तर त्या वेळी बाहेरच्या वादकांची नावं छापायची पद्धतच नव्हती. ज्या 'रिव्हॉल्व्हर'वर अनिल भागवतांचं नाव आहे, त्याच रेकॉर्डवर 'एलेनॉर रिग्बी' वाजवणाऱ्या आठ इंग्रज वादकांचं नाव नाही. 'सार्जंट पेपर्स'च्या शेवटच्या गाण्यात चाळीस जणांचा वाद्यवृंद आहे, त्यांचीही नावं नाहीत. मग भारतीयांचीच नावं राहिली अशी तक्रार का?

तक्रार कव्हरपुरती नाहीच. बीटल्सच्या प्रत्येक ध्वनिमुद्रणाची तारीखवार हकीकत सांगणारं मार्क लुइसन यांचं जाडजूड पुस्तक १९८८ मध्ये निघालं. कंपनीची दप्तरं चाळून, लोकांना भेटून त्यांनी ते लिहिलं. त्यात 'विदिन यू विदाउट यू'मधल्या आठही व्हायोलिनवाल्यांची आणि तिन्ही चेलोवाल्यांची नावं आहेत. अकराच्या अकरा. दिलरुबा, तबला, तंबोरा कुणाचे? तर, एशियन म्युझिक सर्कलचे वादक. बस्स. इंग्रज वादकांची नावं कव्हरवर नसली तरी कुठल्या तरी कागदावर होती. आपल्या माणसांची तिथेही नव्हती.

आपणही यात फार सोवळे नाही, बरं का. १९४९ च्या 'महल'मधल्या 'आयेगा आनेवाला'च्या रेकॉर्डवर गायिकेच्या नावाच्या जागी छापलं होतं 'कामिनी', म्हणजे पडद्यावरच्या पात्राचं नाव. लता मंगेशकरांची ही गत, तर मागे बसून व्हायोलिन, ट्रम्पेट, सॅक्सोफोन वाजवणाऱ्या गोव्याच्या वादकांना कोण विचारतो! सेबॅस्टियन डिसोझांनी शंकर-जयकिशनच्या कितीतरी गाण्यांचं वाद्यसंयोजन केलं. पण श्रेयनामावलीत मोठ्या अक्षरांत नाव संगीतकारांचं. अँथनी गोन्साल्विस हे तर संगीतकार प्यारेलालांचे व्हायोलिनचे गुरू. त्यांचं नाव देशभर पोहोचलं ते १९७७ मध्ये, 'अमर अकबर अँथनी'त एका गमतीच्या गाण्यात शिष्यानं ते घातलं म्हणून. ऐकणाऱ्यांपैकी बहुतेकांना तेव्हा ते काल्पनिक नावच वाटलं.

जॉर्जच्या मनात त्या चौघांविषयी खोट होती असं मला वाटत नाही. पुढच्याच वर्षी त्यानं काय केलं ते पाहा.

जानेवारी १९६८ मध्ये तो पुन्हा मुंबईत आला, या वेळी कामासाठी. 'वंडरवॉल' नावाच्या इंग्रजी चित्रपटाचं पार्श्वसंगीत त्याला करायचं होतं. फोर्टातल्या फिरोजशहा मेहता रोडवर एचएमव्हीचा स्टुडिओ होता. ॲबे रोडच्या तुलनेत तिथली यंत्रणा जुनी. खोलीत बाहेरचा आवाज येऊ न देण्याची सोय नव्हती. संध्याकाळी साडेपाचला कचेऱ्या सुटल्या, की जिन्यावरून उतरणाऱ्या कारकुनांची पावलं ऐकू येत आणि ध्वनिमुद्रण थांबवावं लागे. काही तुकड्यांत कान देऊन ऐकलं तर खालच्या टॅक्सी ऐकू येतात, असं जॉर्ज म्हणायचा. साडेपाचचा फोर्ट ज्यांनी पाहिला आहे, त्यांना हे वेगळं समजावून सांगायला नको.

पण वादक कोण होते? संतूरवर शिवकुमार शर्मा. सरोदवर आशिष खाँ. तबला-पखवाजावर महापुरुष मिश्र. बासरीवर एस. आर. केंकरे, तारशहनाईवर विनायक व्होरा, सूरबहारवर चंद्रशेखर नारिंग्रेकर, शहनाईवर शरद कुमार आणि हनुमान जाधव, हार्मोनियम आणि तबलातरंगावर रिजराम देसाद. शिवाय सतारीवर शंभू दास आणि इतर. नोव्हेंबर १९६८ मध्ये 'वंडरवॉल म्युझिक' ही रेकॉर्ड निघाली. एखाद्या बीटलनं स्वतंत्रपणे काढलेली ती पहिलीच रेकॉर्ड आणि बीटल्सच्या स्वतःच्या 'ॲपल' कंपनीचीही पहिलीच मोठी रेकॉर्ड. तिच्या कव्हरवर वादकांची नावं वाद्यांसकट छापली होती.

स्पेलिंगांची मात्र दैना झाली. शर्मांचं 'शेरमार' झालं. सूरबहारवाल्यांचं नुसतंच 'चंद्रशेखर' राहिलं, तेही वेडंवाकडं, नारिंग्रेकर गायब. लग्नपत्रिकेत आपल्या नावाचा ऱ्हस्व-दीर्घ चुकला तरी रुसून बसणारे आपण. पण 'शेरमार' असो की काही असो, नाव कागदावर होतं. त्यावरून माणसापर्यंत पोहोचता आलं, नारिंग्रेकरांचं आडनावसुद्धा नंतरच्या लोकांना शोधता आलं.

याच मुंबईच्या मुक्कामात, १२ जानेवारीला, 'द इनर लाइट' या गाण्याचं वाद्यसंगीतही मुद्रित झालं. शब्दांचा आधार 'ताओ ते चिंग' या प्राचीन चिनी ग्रंथाचा, सूर हिंदुस्थानी. बासरीवर हरिप्रसाद चौरसिया असल्याचं आता नोंदवलं जातं. मार्च १९६८ मध्ये 'लेडी मॅडोना' या गाण्याच्या मागच्या बाजूला ते निघालं. बीटल्सच्या छोट्या रेकॉर्डवर जॉर्जचं गाणं येण्याची ही पहिलीच वेळ, आणि ते घडलं आपल्या फोर्टातल्या मजल्यावर! त्या छोट्या रेकॉर्डवर वादकांची नावं नव्हती.

त्यानंतर जॉर्जनं सतार हळूहळू खाली ठेवली. सतारीत नाव काढायचं तर लहानपणापासून रोज कित्येक तास रियाज हवा आणि आपला तो जन्म नव्हे, हे त्याला कळलं होतं. रविशंकरांनीही त्याला विचारलं, की तुझी मुळं कुठे आहेत? तो गिटारकडे परतला, पण रिकाम्या हातानं नाही. १९७० च्या 'माय स्वीट लॉर्ड'मधली त्याची गिटार ऐका. तारेवर नळी घसरवत काढलेले ते लांब, वळणदार सूर. रॉकच्या अनेक गिटारवादकांची घसर अमेरिकी ब्लूजमधून आलेली असते. जॉर्जच्या हातात मला मींड ऐकू येते. बँडनं दुसऱ्या संगीतातून काय घेतलं, हे मोजायला मला सतारीच्या झणझणाटापेक्षा ही खूण अधिक खरी वाटते.

जॉर्ज हॅरिसन २००१ मध्ये गेला. पंडित रविशंकर २०१२ मध्ये. बीटल्सच्या प्रत्येक रेकॉर्डवर, कव्हरवर, त्या कव्हरवरच्या प्रत्येक चेहऱ्यावर ढिगानं पुस्तकं निघाली. मागच्या रांगेतल्या अनोळखी नटाचं चरित्रही आपल्याला वाचायला मिळतं. पण दिलरुबा कुणी वाजवली?

'सार्जंट पेपर्स'ला २०१७ मध्ये पन्नास वर्षं झाली. त्या निमित्तानं लिव्हरपूल विद्यापीठाचे माइक जोन्स यांनी शोध घेतला आणि चार नावं पुढे आली. दिलरुबा : अण्णा जोशी आणि अमृत गज्जर. तबला : नटवर सोनी. तंबोरा : बुद्धदेव कनसारा. नावं वाचूनच वाटतं, आपल्या शेजारच्या इमारतीत राहणारी माणसं आहेत. लंडनमध्ये अंगडींच्या संस्थेशी जोडलेले हे वादक, एका संध्याकाळी बोलावलं म्हणून गेले, सांगितलं ते आणि त्याहून थोडं अधिक चांगलं वाजवलं, आणि घरी परतले. त्या संध्याकाळच्या त्यांच्या कामाच्या प्रती जगभर लाखो घरांत पोहोचल्या होत्या.

हे गाणं घरात कुणाच्या फोनवर सहज मिळेल. मुलांना लावायला सांगा आणि थोडा वेळ गाणाऱ्याकडे दुर्लक्ष करा. अगदी सुरुवातीला जो एकच सूर धरून राहतो, तो तंबोरा आहे. स्वरमंडलाची लहर ओसरल्यावर येते ती दिलरुबा, जोशी आणि गज्जर यांची. तबला सुरू झाला की तो नटवर सोनींचा. साधारण अडीच मिनिटांनंतर मधला भाग येईल. तिथे बोटांवर मात्रा मोजा, दहा येतील. घरात कुणी तबला शिकत असेल, तर त्याला मोजायला सांगा. तो आधीच मोजत असेल.